आपल्या जागेचं सूक्ष्म हवामान कसं मोजावं

हवामान केंद्रातला तापमापक उघड्या मैदानात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. भिंती-झाडांचा परिणाम टाळण्यासाठीच तशी जागा निवडतात. आपलं रोप मात्र नेमकं भिंतीलगत, झाडाखाली किंवा उताराच्या पायथ्याशी उभं असतं. तिथलं ऊन, वारा, ओल आणि तापमान भोवतालच्या हवामानापेक्षा जे वेगळं पडतं, ते त्या जागेचं सूक्ष्म हवामान. त्याचा पसारा कधी अख्खी दरी असते, कधी दोन दगडांमधली फट.

मोजायला कमाल-किमान नोंद ठेवणारे, एकाच बनावटीचे चार तापमापक घ्या. आधी चारही एकाच सावलीत २४ तास शेजारी शेजारी ठेवा. एखादा अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर त्यावर तसं लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक नोंदीतून तेवढं वजा करा. हे टाळलं, तर जो फरक शोधतोय तो जागेचा की यंत्राचा, हे कळणारच नाही.

ऊन थेट लागलं की तापमापक स्वतःच तापतो आणि हवेपेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. म्हणून कुंडीखाली ठेवतात तशा सहा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उपड्या, एकावर एक, दोन-दोन सेंटीमीटर फट सोडून बसवा. वरची बशी अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध मोठं भोक पाडा आणि त्या पोकळीत तापमापक टांगा.

एक तापमापक मोकळ्यावर, बाकीचे भिंतीपाशी, झाडाखाली आणि सखल कोपऱ्यात, सगळे दीड मीटरवर. उंची सारखी नसेल तर तुलना फुकट जाते, कारण निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा कितीतरी गार होते. किमान दोन आठवडे नोंदी घ्या आणि रोजचं आभाळ व वाराही लिहा. सरसकट सरासरी काढू नका. वारा हवा ढवळतो, ढग जमिनीची उष्णता परत पाठवतात, त्यामुळे अशा रात्री फरक जवळजवळ पुसला जातो. खरं चित्र निरभ्र, निवांत रात्रीच दिसतं.

अशाच एका संध्याकाळी, सूर्यास्तानंतर तासाभराने, उतारावर घोट्याच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर थोडा वर जाऊन आडवा होतो आणि जमिनीलगत खाली सरकू लागतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतरते. आडवी भरीव भिंत किंवा दाट कुंपण आलं की त्यामागे ती तुंबते. नाजूक रोपं मरतात ती बहुतेकदा तिथेच, आणि दोष उगाच खताला दिला जातो. कुंपणाच्या तळाशी वाट मोकळी केली की पुढे उतार असल्यास गारवा निघून जातो.

दुपारचं ऊन झेलणारी विटांची किंवा दगडी भिंत अंधार पडल्यावरही हाताला कोमट लागते, पत्रा मात्र लगेच निवतो. त्या उबेचा फायदा घ्या, पण भिंतीच्या बुंध्याशी पाऊस कमी पोचतो, तेव्हा रोप निदान ४५ सेंटीमीटर दूर लावा.

वाऱ्यासाठी भरीव आडोसा नको, त्यामागे भोवरे उठतात. निम्मी मोकळी राहणारी झाडांची रांग तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंदावते.

ऋतू बदलला की सूर्याची वाट आणि सावल्याही बदलतात, म्हणून मोजणी प्रत्येक ऋतूत पुन्हा करा.