वाचनालय गावाच्या रोजच्या वाटेवर कसे आणावे

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. त्यांतील पुष्कळ ग्रंथालये तालुक्याच्या किंवा खेड्याच्या ठिकाणी एकदोन खोल्यांत चालतात. दाराला कुलूप आणि कपाटांना काचा, हेच चित्र गावकऱ्यांना त्यांपैकी अनेकांबद्दल आठवते. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. म्हणजे परंपरा आपल्याकडे कमी नाही. अडचण असते ती एवढीच, की ज्या घरात वर्षभर एकही पुस्तक विकत घेतले जात नाही, त्या घरातील माणसाला वाचनालयाच्या पायऱ्या चढण्याचे कारण सापडत नाही. ते कारण कसे निर्माण करावे, हे कार्यकारी मंडळावर काम करणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे. एका तालुक्याच्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी काही वर्षे काम केले. त्या काळात केलेल्या चुकांचाही या मजकुरात वाटा आहे.

आरंभ पुस्तक खरेदीने करू नये, वेळेपासून करावा. दाराजवळच्या टेबलावर साधी शंभर पानी वही ठेवावी आणि पंधरा दिवस आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ, अंदाजे वय आणि येण्याचे कारण एवढेच त्यात टिपावे. नाव लिहिण्याची गरज नाही. नाव विचारले की माणूस बिचकतो. याच पंधरवड्यात संध्याकाळी बंद दारापुढून कोण कोण जाते, एस.टी. स्थानकावर शाळा-महाविद्यालयाची मुले किती वेळ बसची वाट पाहत उभी असतात, आणि दुपारी दोन ते चार या वेळात कोणत्या आळीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या असतात, हेही पाहून ठेवावे. बहुतेक वाचनालये सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात उघडी असतात. हे वेळापत्रक निवृत्त नोकरदाराच्या दिनक्रमाला चपखल बसते, आणि वहीतही बहुधा तोच दिसतो. घरकामातून दुपारी मोकळ्या होणाऱ्या बाईला, किंवा शेतावरून दिवेलागणीला परतणाऱ्या तरुणाला, ते दार कधीच उघडे दिसत नाही. शासनाने ग्रंथालयाला दिलेल्या अ, ब, क, ड या वर्गानुसार ठरलेले किमान तास पाळावेच लागतात, मात्र ते दिवसाच्या कोणत्या भागात ठेवावेत यात मंडळाला पुष्कळ मोकळीक असते. तास बदलताना ठराव करावा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि नवे वेळापत्रक स्थानकावर, दूध संकलन केंद्रावर व अंगणवाडीच्या दारावर लावावे. वाचनालयाच्या फलकावर ते लावणे ठीकच, पण तो फलक फक्त आधीपासून येणारेच वाचतात.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. वाचनालय देवळाच्या ओवरीत असेल, एखाद्या समाजाच्या मंदिरात असेल किंवा पुढाऱ्याच्या वाड्याच्या तळमजल्यावर असेल, तर गावातील काही माणसे तेथे कधीच येत नाहीत आणि न येण्याचे कारणही कोणाला सांगत नाहीत. नवी जागा निवडायची असेल तर सर्व आळ्यांतील लोक ज्या वाटेने रोज जातात, त्या वाटेवरची निवडावी: ग्रामपंचायत, शाळा, बाजार किंवा स्थानक यांच्या जवळची. ग्रामपंचायतीची रिकामी खोली मिळवायची असेल तर विषय ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा, कारण सरपंचांचा तोंडी शब्द पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो. जुनी जागा सोडता येत नसेल, तर निदान वृत्तपत्रांचे टेबल आणि दोन बाकडी रस्त्याकडेच्या पडवीत आणावीत आणि तेथे बसायला सभासदत्व लागत नाही असे मोठ्या अक्षरांत लिहावे. पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि प्रत्येक टेबलावर पुरेसा उजेड या तीन गोष्टींवर केलेला खर्च शंभर नव्या कादंबऱ्यांपेक्षा जास्त माणसे आत आणतो. विशेषतः स्वच्छतागृह नसलेल्या ठिकाणी मुली तासभरसुद्धा बसत नाहीत.

अलीकडे प्रत्येक मंडळाला अभ्यासिका काढावीशी वाटते. तलाठी भरती, पोलीस भरती आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुले दिवसभर बसतात, खुर्च्या भरलेल्या दिसतात आणि शुल्कही नियमित येते. अभ्यासिका जरूर काढावी, पण ती वेगळ्या खोलीत काढावी. एकच दालन असेल तर अभ्यासिकेची शांतता हळूहळू बाकी सारे गिळून टाकते. प्रथम लहान मुलांना दटावले जाते, नंतर वृत्तपत्र वाचताना बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना, आणि दोन वर्षांत गावाचे वाचनालय वीस परीक्षार्थींची खासगी खोली होऊन बसते. दुसरी खोली मिळतच नसेल तर तास वाटून घ्यावेत. पहाटेपासून दुपारपर्यंत आणि रात्री जेवणानंतर अभ्यासिका ठेवावी, तर चार ते सात या वेळात बोलण्याची पूर्ण मुभा असावी. परीक्षार्थींकडून शुल्काबरोबर आठवड्यातील एक तासाचे काम मागावे. देवघेवीच्या नोंदी, पुस्तकांना कव्हर घालणे किंवा मुलांना गणित शिकवणे यांपैकी जे जमेल ते त्यांनी करावे. आमच्याकडे ही अट घातल्यावर पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. त्यानंतर त्याच मुलांनी बालविभागाची कपाटे स्वतःहून लावून दिली.

बालविभागासाठी शनिवार सर्वांत सोयीचा, कारण सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना दुपार मोकळी मिळते. गोष्ट वाचून दाखवण्यासाठी वक्ता शोधत बसू नये. आवाज खणखणीत असलेली एखादी आजी किंवा सातवीतली मुलगी पुरते. पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर, कुलपाशिवाय ठेवावीत. फाटतील, हे गृहीत धरावे. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र पुस्तके उपयोगासाठी असतात असे सांगते, आणि फाटलेले पुस्तक हा त्याचा पुरावा आहे. मुलांच्या पुस्तकांवर विलंब दंड लावू नये. पाच रुपयांच्या दंडाच्या भीतीने घरातच लपवलेले पुस्तक आणि त्याबरोबर हरवलेला वाचक, असा तो व्यवहार असतो. मोठ्यांसाठीही वर्षातून एक महिना दंडमाफीचा जाहीर करावा. कित्येक वर्षे बेपत्ता असलेली पुस्तके त्या महिन्यात परत येतात.

ज्या स्त्रिया वाचनालयात येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे वाचनालयाने जावे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात 1910 नंतर जी ग्रंथालय व्यवस्था उभी राहिली, तिच्यात लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत पाठवली जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेल्या. लहान वाचनालयाला पंचवीस पुस्तकांची पत्र्याची पेटीही पुरेशी आहे. महिला बचत गटाची मासिक बैठक जेथे होते तेथे ती ठेवावी, नोंदींची जबाबदारी गटाच्या सचिव ताईंकडे द्यावी आणि दर दोन महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावी. पेटीत काय भरावे याविषयी माझा अंदाज साफ चुकला होता. मी पाककृती आणि भक्तिपर पुस्तके भरली होती. मागणी आली ती आत्मचरित्रांना आणि रहस्यकथांना.

कार्यक्रमांबाबत सर्वांत मोठा मोह बाहेरचा नामवंत वक्ता आणण्याचा असतो. एकदा आम्ही मोठ्या हौसेने असे व्याख्यान ठेवले, मंडप घातला, आणि ऐन ऊसतोडीच्या दिवसांत ठेवल्यामुळे समोर मंडळाचे सभासद व त्यांची नातवंडे एवढेच श्रोते उरले. तेव्हापासून शेतीचे आणि सणांचे दिवस पाहूनच तारखा धरल्या. शिवाय गावातच बोलण्याजोगी माणसे असतात. निवृत्त तलाठ्यांनी सातबारा आणि फेरफार कसा वाचावा हे नमुना हातात घेऊन समजावले, तर पडवीत उभे राहायला जागा उरत नाही. परिचारिका ताई, विहिरी खोदणारा, जुन्या तमाशातील ढोलकीवादक, बँकेतील कर्मचारी यांना महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाऊण तासासाठी बोलवावे. याच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस अर्ज भरून देण्याचे टेबल चालवावे. शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, पीक विमा यांच्या ऑनलाइन अर्जांसाठी माणसे खेटे घालत असतात. वाचनालयातील एक संगणक आणि एक समंजस तरुण त्यांचा निम्मा त्रास वाचवतो. मात्र कोणाचाही आधार क्रमांक किंवा सांकेतिक शब्द वाचनालयाच्या वहीत उतरवून ठेवू नये, आणि काम झाल्यावर संगणकावरील कागदपत्रे पुसून टाकावीत.

दिवाळी अंकांची योजना हा आपला खास मराठी उपाय आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. वेगळी वर्गणी घेऊन पन्नास-साठ अंक घ्यावेत आणि ते फाल्गुनापर्यंत फिरते ठेवावेत. केवळ त्यासाठी आलेल्यांपैकी काही जण पुढे नियमित सभासद होतात.

भेट म्हणून येणाऱ्या पुस्तकांविषयी सावध राहावे. घर आवरताना निघालेली जुनी पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि कसर लागलेली मासिके पोत्यांतून येतात, आणि देणाऱ्याला दुखवायचे नाही म्हणून ती कपाटांत शिरतात. पावतीवरच छापून घ्यावे की उपयुक्त पुस्तके दाखल केली जातील व उरलेली इतरत्र दिली जातील. दर वर्षी उन्हाळ्यात, पावसापूर्वी, सर्व कपाटे रिकामी करून झाडावीत, ती भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावीत आणि वाळवीचे माग दिसतात का ते पाहावे. निकामी प्रतींचे निर्लेखन, म्हणजे त्या संग्रहातून रीतसर काढून टाकणे, मंडळाच्या ठरावाने करावे, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तशी नोंद घ्यावी, आणि शासकीय योजनेतून आलेल्या पुस्तकांबाबत आधी जिल्हा कार्यालयाला विचारावे. एक कपाट मात्र कधीही रद्दीत काढू नये: शाळांच्या स्मरणिका, जत्रेची पत्रके, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल, गावाची छायाचित्रे यांचे. छायाचित्रांच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहून घेण्यासाठी ऐंशीच्या पुढच्या मंडळींना चहाला बोलवावे आणि हे काम लांबणीवर टाकू नये.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता आणि अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. त्यासाठी संस्था नोंदणीकृत असावी लागते, लेखापरीक्षण आणि वार्षिक अहवाल वेळेवर द्यावा लागतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा. कित्येक चांगली वाचनालये या एका दुर्लक्षामुळे वर्षानुवर्षे अडकली आहेत. अनुदान हप्त्यांनी आणि पुष्कळदा उशिरा येते, म्हणून वीज, वृत्तपत्रे आणि ग्रंथपालांचे मानधन यांची निदान चार महिन्यांची तरतूद वर्गणी व देणग्यांतून बाजूला ठेवावी. देणगीदाराचे नाव पाटीवर लावावे, परंतु वाढदिवसाचे फलक आणि निवडणुकीच्या सभा यांना आवारात जागा नसल्याचा ठराव शांत काळातच करून ठेवावा. निवडणूक जाहीर झाल्यावर तो करता येत नाही.

शेवटचा मुद्दा किल्लीचा. एकच किल्ली आणि ती एकाच माणसाच्या खिशात, अशी स्थिती असेल तर त्या माणसाच्या घरी लग्न निघाले की वाचनालय आठवडाभर बंद राहते, आणि एकदा बंद दारावरून परत गेलेला माणूस पुन्हा लवकर फिरकत नाही. किल्ल्या तीन कराव्यात: एक ग्रंथपालांकडे, एक मंडळावरील एखाद्या ताईंकडे आणि एक अभ्यासिकेतील त्या वर्षीच्या जबाबदार मुलाकडे. कोणत्या वारी दार कोण उघडणार हे महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे.