छत असलेल्या पुलाचा फोटो वॉटरकलर करताना पुलाचं तोंड काळं होत असेल तर

लक्षण असं: फोटोशॉपमधला वॉटरकलर फिल्टर लावला की पुलाचं तोंड नुसता काळा डाग होतं आणि बाजूच्या फळ्यांच्या रेघा गायब होतात. माझा फोटो कॉर्निश-विंडसर पुलाचा. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटला जोडणारा, कनेक्टिकट नदीवरचा १८६६ सालचा लाकडी पूल. आतली तुळयांची जाळी दिसलीच नाही, तर त्या चित्रात उरतं काय?

फिल्टरमधली शॅडो इंटेन्सिटी (सावलीची तीव्रता) शून्यावर आणली, फिल्टरनंतर ब्राइटनेस वाढवला. काळा डाग करडा झाला, इतकंच. जाम वैताग आला.

हा फिल्टर मुळातच गडद भाग आणखी गडद करतो, म्हणून सावली आधीच उजळावी लागते. आधी फोटोची रंगखोली (बिट डेप्थ) ८ बिटवर आणा (वॉटरकलर ज्यात आहे ती फिल्टर गॅलरी १६ बिटला उघडतच नाही) आणि रुंदी ३००० पिक्सेलच्या आसपास ठेवा. कंट्रोल-जे दाबून लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढा. खालच्या लेयरवर शॅडोज-हायलाइट्समध्ये शॅडोज ५० टक्के, मग नॉइजमधला मीडियन (बारीक तपशील गुळगुळीत करणारा फिल्टर) ३ पिक्सेल, आणि त्यानंतरच वॉटरकलर: ब्रश डिटेल १२, शॅडो इंटेन्सिटी ०, टेक्स्चर १. वरच्या प्रतीवर स्टायलाइजमधलं फाइंड एजेस (कडांच्या रेघा काढणारा फिल्टर), मग डिसॅच्युरेट (रंग काढून टाकणं), ब्लेंड मोड, म्हणजे थर मिसळायची पद्धत, मल्टिप्लाय, ओपॅसिटी ३० टक्के. फळी न् फळी परत दिसू लागते.

ही झाली शाईच्या रेघांची शैली. ओलसर, पसरलेले रंग हवे असतील तर वरची प्रत बंद ठेवा आणि वॉटरकलर लावताना ब्रश डिटेल ४ घ्या. कागदाचा पोत अगदी शेवटी, टेक्स्चरायझरने; आधी दिला तर मीडियन तो पुसून टाकतो.