रॅम्प शेवटी बांधायला जाऊ नका: सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही सहज वापरता येणारी इमारत बांधताना या चुका टाळा

इमारत उभी राहते, रंग लागतो आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या तोंडावर कुणाला तरी रॅम्प आठवतो. मग पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या जागेत काँक्रीटचा चढ ओतला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

हिशेब साधा आहे. उतार १:१२ पेक्षा, म्हणजे १२ सेंमी लांबीत १ सेंमी चढापेक्षा, तीव्र नको. जोते ६० सेंमी उंच असेल तर रॅम्पला ७.२ मीटर लांबी लागते, शिवाय वर, खाली आणि वळणावर सपाट जागा. शेवटी एवढी जागा आणणार कुठून? म्हणून मग १:५ चा चढ होतो, आणि तो चढताना व्हीलचेअर मागे उलटू शकते. जोत्याची उंची ठरवतानाच रॅम्प आखा. जमेल तिथे अंगणच हळूहळू उचलत दारापर्यंत न्या. मग वेगळा रॅम्प लागत नाही आणि सगळेच एका दारातून आत येतात. मला हाच उपाय सगळ्यात चांगला वाटतो. जुन्या इमारतीत जागा नसेल तर व्हीलचेअरसकट उचलणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसवा. रॅम्पवर गुळगुळीत ग्रॅनाइट मात्र नकोच.

दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार आत उघडणारं ठेवू नका. आत कुणी पडलं, तर त्याच्याच अंगाने दार अडतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, मोकळी रुंदी ९० सेंमी. आणि तिथे झाडू-बादल्या ठेवून कुलूप लावणं बंद करा.

टॅक्टाइल टाइल्स, म्हणजे पायाला आणि काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या फरशा, शोभेसाठी नसतात. रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे सावध व्हा. त्यांची अदलाबदल झाली तर अंध माणूस थेट जिन्यावर जातो.

सुगम्यतेच्या नियमांबद्दल ‘ही तर नुसती मार्गदर्शक तत्त्वं’ असं अजूनही ऐकू येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देता येत नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख. अंध असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांमधला, सुगम्यतेचे निकष सांगणारा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कारण हेच, की त्यात सक्ती नव्हती. केंद्राला सक्तीचे निकष ठरवायला सांगितले.

नकाशा मंजुरीला पाठवण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि अंध व्यक्तींना बोलवा, ड्रॉइंग समजावून सांगा, त्यांच्या सूचनांप्रमाणे बदल करा. इतर सल्लागारांसारखंच त्यांनाही मानधन द्या.