शहरातील शिकारी पक्ष्याच्या घरट्याची नोंद कशी ठेवावी

उंच इमारतीच्या कठड्यावर बहिरी ससाणा बसलेला दिसला किंवा रस्त्याकडेच्या झाडावर घारीचे घरटे आढळले, की या पक्ष्यांना शहर मानवले आहे असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे असू शकते, पण नुसते घरटे दिसणे हा त्याचा पुरावा नव्हे. व्हिएन्नातील खरुचींच्या (केस्ट्रेल नावाच्या लहान ससाण्यांच्या) अभ्यासात असे आढळले की शहराच्या मध्यभागी जुन्या इमारतींच्या पोकळ्यांमुळे जोड्यांची दाटी सर्वांत जास्त होती, परंतु अंडी कमी आणि वाया जाणारी घरटी अधिक, हेही तिथेच घडत होते. जागा भरपूर होती, पण उघडी जमीन नसल्याने या पक्ष्याचे मुख्य भक्ष्य असलेले मैदानी उंदीर तिथे मिळत नव्हते आणि खरुचींना लहान पक्ष्यांवर भागवावे लागत होते. म्हणून शहराचा परिणाम जाणून घ्यायचा असेल तर पक्षी किती दिसले यापेक्षा त्यांची किती पिल्ले उडाली, हे मोजायला हवे.

त्यासाठी एकच जोडी निवडावी आणि तिच्या संपूर्ण विणीच्या हंगामाची वही ठेवावी. दहा घरट्यांना एकेकदा भेट देण्यापेक्षा एका घरट्यापाशी दहा वेळा बसणे कितीतरी अधिक शिकवते, असे माझे स्पष्ट मत आहे. बसण्याची जागा घरट्यापासून इतकी दूर असावी की पक्ष्याने आपली दखलही घेऊ नये. तो आपल्याकडे रोखून पाहू लागला, ओरडला किंवा अंड्यांवरून उठला, तर आपण फार जवळ आहोत असे समजून लगेच मागे सरावे. ड्रोन अजिबात वापरू नये आणि घरट्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर देऊ नये. प्रत्येक भेटीत तारीख, वेळ, हवामान, कोणते भक्ष्य आले, ते नराने आणले की मादीने (शिकारी पक्ष्यांमध्ये बहुधा मादी आकाराने मोठी असते), किती पिल्ले दिसली आणि आसपास बांधकाम किंवा फांद्यांची छाटणी सुरू होती का, एवढे तरी लिहावे.

भक्ष्याची नोंद सर्वांत मोलाची ठरते आणि तिचा पुष्कळसा भाग झाडाखालीच सापडतो. न पचलेली हाडे, केस आणि पिसे हे पक्षी गोळीच्या रूपात ओकून टाकतात. अशी गोळी हातमोजे घालून उचलावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि चिमट्याने हळूहळू सोडवावी. गव्हाणी घुबडाच्या गोळीत करड्या केसांच्या गुंत्यातून उंदराची अख्खी कवटी बाहेर येते, तिचे पिवळट-नारिंगी पटाशीचे दातही शाबूत असतात. ससाणा, घार यांसारख्या दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या जठरात मात्र हाडे बरीचशी विरघळतात, त्यामुळे त्यांच्या गोळीत प्रामुख्याने केस आणि पिसेच मिळतात. जमिनीवर पिसांचा सडा दिसला तर पिसांचे देठ पाहावेत: शिकारी पक्षी पिसे मुळापासून उपटतो, तर मांजरासारखा प्राणी देठ चावून तोडतो. बहिरी ससाण्याच्या कठड्याखाली रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची पिसेही मिळू शकतात, कारण शहरातील दिव्यांच्या उजेडात हा ससाणा रात्रीही शिकार करतो.

कोणते भक्ष्य अधिक येते यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. उंदीर-घुशींचे प्रमाण जास्त असेल तर परिसरात उंदीरनाशक वापरले जाते का, याची चौकशी करावी. ब्रोडिफॅकूमसारखी, रक्त गोठू न देणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदपणे फिरत राहतो, सहज पकडला जातो आणि त्याच्या शरीरातील विष शिकाऱ्याच्या यकृतात साठत जाते. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडून वर्षभर शहरात राहिलेले फ्लॅको नावाचे गरुड-घुबड 2024 च्या फेब्रुवारीत मरण पावले, तेव्हा शवविच्छेदनात त्याच्या शरीरात अशी उंदीरनाशके आणि कबुतरांकडून होणारा विषाणुसंसर्ग, असे दोन्ही आढळले. तेव्हा आपल्या इमारतीत विषाऐवजी सापळे लावणे, भोके बुजवणे आणि कचरा झाकून ठेवणे याचा आग्रह धरावा.

कबुतरे आणि होले अधिक येत असतील तर पिल्लांच्या तब्येतीकडे बारकाईने लक्ष द्यावे. ॲरिझोनातील टूसॉन शहरात कूपर्स हॉक या शिकारी पक्ष्याची बरीच पिल्ले कबुतरवर्गीय भक्ष्यातून येणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीमुळे होणाऱ्या घशाच्या रोगाने दगावली. मात्र नंतरच्या अभ्यासात तिथली एकूण संख्या घटत नसल्याचे दिसले, कारण अन्न मुबलक होते. एका हंगामातील मृत्यू पाहून घाईने निष्कर्ष काढू नये, तो एवढ्याचसाठी.

काचा हा वेगळा धोका आहे. भक्ष्याचा वेगाने पाठलाग करणाऱ्या शिक्र्यासारख्या पक्ष्याला काचेतील झाडाचे प्रतिबिंब खरे वाटते. काचेवर गरुडाचे एकच चित्र चिकटवून फारसा उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूस साधारण 5 सेंटीमीटर अंतराने ठिपक्यांची नक्षी सर्वत्र असावी लागते. विजेच्या खांबावर बसलेल्या मोठ्या पक्ष्याचे पंख एकाच वेळी दोन तारांना टेकले तर तो दगावतो, म्हणून मृत पक्षी आढळलेल्या खांबाचा क्रमांक लिहून वीज कंपनीला कळवावा.

जमिनीवर पिल्लू सापडले तर आधी दुरून पाहावे. पिसे आलेले, सावध आणि अंगावर जखम नसलेले पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि पालक जवळच असतात. रस्त्याचा धोका असेल तरच त्याला जवळच्या फांदीवर ठेवावे. जखमी पक्ष्यावर जाड टॉवेल टाकून, नख्या सांभाळत, त्याला भोके पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवावे, अन्नपाणी देऊ नये आणि वनखात्याला किंवा वन्यजीव बचाव केंद्राला कळवावे.

पिल्ले घरट्यातून उडाली त्या दिवशी वही बंद करू नये. पुढे कित्येक आठवडे पालक त्यांना भरवत असतात आणि काचा, वाहने, तारा यांच्याशी त्यांची पहिली गाठ याच काळात पडते. म्हणून शेवटची नोंद पिल्लाला स्वतः शिकार करताना पाहिल्याची असावी.