पावसाळी सल्ला: बुरशी धरलेली पेंड जनावरापुढे टाकू नका

संततधार लागलीय. बाकी कामं मागे ठेवा आणि पेंडीची पोती आजच बघा. फरशीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं सरकी पेंडीचं पोतं तळातून ओल धरतं आणि बघता बघता आत हिरवट-पिवळी बुरशी येते. ‘टाकून कशाला द्यायची, जनावर खाईल’ म्हणून तीच पेंड गव्हाणीत जाते. घात होतो तो इथे.

ही बुरशी अफ्लाटॉक्सिन बी-१ नावाचं विष तयार करते. गाईच्या यकृतात त्याचं एम-१ हे दुसरं रूप होतं आणि दिवसभरात ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. दुधातली कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के या मर्यादेबाहेर गेले. भेसळीमुळे घातक ठरलेले नमुने होते फक्त १२! ओरड मात्र सगळी भेसळीची.

पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, गठळ्या आल्या, कुबट वास आला, तर माझ्या मते अख्खं पोतं बाद. वरची बुरशी झटकून खालची पेंड वापरू नका. उन्हात वाळवूनही विष तसंच राहतं. खुराकातला मका १२ टक्के ओलाव्याच्या आत हवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर वाळला समजा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. लागेल तेवढीच पेंड आणा, पावसाळ्यात साठा नको.

दुकानदार टॉक्सिन बाइंडरचा (खाद्यातलं विष धरून ठेवायला मिसळतात तो) महागडा डबा पुढे करेल. काही बाइंडर थोडंफार विष धरतात, पण सडकी पेंड त्याने चांगली होत नाही. आधी पेंड बदला, बाइंडरचं डॉक्टरांना विचारा. पशुखाद्यात बी-१ किलोला २० मायक्रोग्रॅमच्या आत हवं; पोत्यावर आयएसआय मार्क बघून घ्या.

खराब पेंड खाऊ घातली असेल तर आत्ताच थांबवा. तीन-चार दिवसांत दुधातलं विष कमी होतं. तोवरचं दूध डेअरीला नको, घरच्या लेकरांनाही नको.

बाकी कामं:
- घटसर्प, फऱ्याची राहिलेली लस
- गोठा कोरडा, गोचीड नियंत्रण
- खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम
- अँटिबायोटिक टोचलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध बाजूला
- मुरघासाच्या तोंडाशी आलेली बुरशी रोज काढून लांब पुरणे. उकिरड्यावर टाकली तर मोकाट जनावरं खातात