स्किन ब्रांच घ्यायची असेल तर आधी ओपीडीत जाऊन बसा

एमबीबीएसनंतरच्या नीट पीजी परीक्षेत रँक चांगला आला की घरचे, मित्र, क्लासवाले सगळे एकच सांगतात, डर्मा म्हणजे स्किन घे, नाइट नाही, इमर्जन्सी नाही, लेझर टाकलं की पैसाच पैसा. हे अर्धवट खरं आहे. पेम्फिगस या कातडीवर फोड येणाऱ्या गंभीर आजाराचा पेशंट अंगभर फोड घेऊन अ‍ॅडमिट होतो, एखाद्या गोळीच्या रिअ‍ॅक्शनने टीईएन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) झालेल्या माणसाची कातडी सोलून निघत असते, तेव्हा रात्री स्किनच्या रेसिडेंटलाही, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरलाही, उठावंच लागतं आणि तो पेशंट जाऊही शकतो.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. इंटर्नशिपमध्ये स्किनची पोस्टिंग थोडीशीच असते, ती पीजीच्या अभ्यासासाठी लायब्ररीत घालवू नका. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, जिथे असाल तिथल्या स्किन ओपीडीत सकाळपासून बसा, शक्यतो पावसाळ्यात. ओले कपडे घालून तासभर लोकलमध्ये उभं राहणारी माणसं नायटा घेऊन येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम आणून महिनोन्महिने लावलेलं असतं, त्यामुळे चट्ट्याचं रूपच बदललेलं असतं. असे पेशंट एकामागोमाग बघताना तुम्हाला कंटाळा येतो की पुढचा बघावासा वाटतो, एवढंच स्वतःला विचारा. कारण ही ब्रांच डोळ्यांनी शिकायची आहे. पुस्तकातले बरेच फोटो गोऱ्या कातडीचे असतात, आपल्याकडे तोच लालसर चट्टा तपकिरी नाहीतर जांभळट दिसतो, हे पेशंट बघितल्याशिवाय डोक्यात बसतच नाही.

रस्ता तसा सरळ आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग नीट पीजी, मग ३ वर्षांचं एमडी, ज्याचं पूर्ण नाव डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी आणि लेप्रसी. डीएनबी, म्हणजे नॅशनल बोर्डाची एमडीच्या तोडीची डिग्री, पण ३ वर्षांची, डिप्लोमा २ वर्षांचा. एम्ससाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी द्यावी लागते. सरकारी कॉलेजच्या निम्म्या सीट ऑल इंडिया कोट्यातून जातात, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडून, आणि बाँडचे, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचे, नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

सीट निवडताना लेझर मशीन किती आहेत ते शेवटी विचारा. आधी तिथल्या ज्युनिअर रेसिडेंटला गाठा, चहा पाजा आणि विचारा की केओएच (बुरशी शोधायची मायक्रोस्कोपखालची तपासणी) स्वतः बघायला मिळतं का, बायोप्सी कोण करतं, स्लाइड पॅथॉलॉजीवाल्यांबरोबर बसून वाचता का, स्किनचे स्वतःचे बेड आहेत का. बेड नसतील तर मोठे आजार हाताखालून जाणार नाहीत, आणि माझ्या मते नुसत्या चकचकीत कॉलेजपेक्षा गर्दीची ओपीडी असलेली सीट केव्हाही चांगली.

कुष्ठरोग शिकायला टाळाटाळ करू नका. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ हॉस्पिटल १८९० पासून याच आजारासाठी उभं आहे, संधी मिळाली तर तिथे जा. बधीर चट्टा तपासणं, जाड झालेली नस बोटाला लागणं, हे हातालाच यावं लागतं. वेळेत ओळखला तर एमडीटीने, म्हणजे एकत्र दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांनी, माणूस बरा होतो, औषधं सरकार फुकट देतं, आणि चुकलात तर त्याचा हात वाकडा होतो. कोडाचा पेशंटही असाच जपावा लागतो, मुलीला कोड आलं की घरात लग्नाचीच काळजी सुरू होते, तिच्या आईशी नीट बसून मराठीत बोलता आलं पाहिजे, नुसतं मलम लिहून चालत नाही.

लेझर, पील, हेअर ट्रान्सप्लांट यात वाईट काही नाही, पण ते एमडीनंतर चांगल्या सीनिअरकडे फेलोशिप करून शिका. थोड्या दिवसांचा कॉस्मेटॉलॉजी कोर्स करून भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटने कोणी स्किन स्पेशालिस्ट होत नाही. एमडीचा रिझल्ट लागला की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये ती डिग्री चढवून घ्या आणि मगच पाटीवर लिहा.