टोयोटा जीटी ८६ ला लोअरिंग स्प्रिंग आणि व्हील स्पेसर कसे बसवावेत

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग, बसवण्याविषयी जे सल्ले मिळतात, त्यांचा सगळा भर स्प्रिंग दाबण्याच्या धोक्यावर असतो. गाडीचे खरे नुकसान जिथे होते, त्या बोल्ट आवळण्याच्या टप्प्याला मात्र कोणी एक वाक्यही देत नाही. जर्मनीत स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सहा जीटी ८६ मी खाली घेतल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या गाडीवर केलेली चूक निस्तरायला मला नव्या स्प्रिंगांपेक्षा जास्त खर्च आला, म्हणून हा लेख त्या टप्प्याभोवतीच लिहिला आहे.

किती खाली घ्यायचे हे आधी ठरवावे. ही गाडी मुळातच बुटकी आहे आणि तिच्या सस्पेन्शनला हालचालीसाठी मोजकीच जागा आहे. २० ते ३० मिमी हा योग्य आकडा आहे. त्याहून खाली गेल्यास प्रत्येक खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर रबरी बंप स्टॉपवर आदळू लागतो, आणि रस्त्यावरची पकड वाढण्याऐवजी कमी होते. मूळ स्प्रिंगच कापून गाडी खाली घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्याकडून इतरही कोणता सल्ला घेऊ नये. आयबाख आणि एच अँड आर या दोन्ही स्प्रिंग कंपन्या जर्मनीतल्या झाउअरलांड भागातल्या आहेत. मी तिथलेच संच वापरतो, कारण त्यांच्यासोबत जर्मनीतल्या वाहन तपासणीला लागणारे कागद मिळतात.

काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि लिहून ठेवावे. मी हे चार आकडे कागदी चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी समोरच्या काचेच्या आत लावतो. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरची जोडणी) काढणे सोपे आहे: ब्रेकची नळी आणि एबीएसची तार सोडवावी, अँटी रोल बारची (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक काढावी, नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट आणि वरचे नट सोडावेत. नकल बाहेर कलंडून नळीवर ताण येऊ नये म्हणून ती दोरीने बांधून ठेवावी. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचे) दोन्ही हुक समोरासमोर लावून आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा द्यावा, आणि वरच्या बैठकीवरचा भार पूर्ण सुटल्याशिवाय मधल्या नटाला हात लावू नये. त्या नटावर इम्पॅक्ट गन चालवू नये. दांडा ॲलन कीने धरून नट पान्याने फिरवावे. नव्या स्प्रिंगवरची अक्षरे सरळ वाचता आली पाहिजेत आणि तिचे टोक खालच्या बैठकीच्या खाचेत टेकले पाहिजे. मागच्या चाकांकडची कृतीही अशीच आहे.

आता मुख्य टप्पा. या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे डबल विशबोन रचना आहे, आणि चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या आर्मच्या सांध्यांमध्ये रबरी बुश आहेत. अशा बुशात बाहेर धातूचे कडे, आत धातूची नळी आणि दोहोंना कायमचे चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तेव्हा सांधा घसरत नाही, तर रबर पिळले जाते. ज्या स्थितीत बोल्ट आवळला, तीच त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. आर्मची लांबी ३०० मिमी धरली आणि गाडी उचलल्यावर चाक ८० मिमी खाली लोंबले, तर बुश सुमारे १५ अंशांनी फिरते. त्या अवस्थेत बोल्ट आवळून गाडी खाली ठेवली, की ते रबर उभ्या गाडीतही १५ अंश पिळलेलेच राहते आणि प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो.

मी पहिल्यांदा हे काम तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या एका गॅरेजमध्ये, दोन खांबांच्या लिफ्टवर केले. तिथल्या अनुभवी माणसाने सांगितले, ‘वर आहे तोवर सगळे आवळून घे, खाली हात पोचणार नाही.’ मी चारही चाके लोंबत असताना टॉर्क रेंचने प्रत्येक बोल्ट मन लावून आवळला. गाडी खाली आली तेव्हा मागची उजवी बाजू डावीपेक्षा ८ मिमी उंच होती. स्प्रिंग बसायला वेळ लागतो अशी मी स्वतःची समजूत घातली. वास्तविक पिळलेले रबरच गाडीला वर ढकलत होते. महिन्याभरात गतिरोधकावर मागून कुरकुर ऐकू येऊ लागली. पुढच्या हिवाळ्याआधी मी आर्म काढून पाहिले, तेव्हा आतल्या नळीलगत रबराला नखाच्या चंद्रकोरीएवढी चीर गेलेली होती, आणि बोटाने दाबल्यावर ती उघडत होती.

दुसरी गोष्ट त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते. ज्या बोल्टांना तुम्ही हात लावला नाही, तेही आता चुकीच्या जागी आवळलेले आहेत. कारखान्यात ते मूळ उंचीला आवळलेले असतात. गाडी २५ मिमी खाली आली की तेवढ्याच लांबीच्या आर्मच्या बुशात जवळपास ५ अंशांचा कायमचा पीळ बसतो. म्हणून मागचे वरचे, आडवे आणि ट्रेलिंग आर्म, शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक आणि पुढचा खालचा आर्म, या सर्वांचे रबरी बुशातले बोल्ट सैल करावेत. मागच्या टोचा (चाक आत-बाहेर किती वळलेले आहे त्या कोनाचा) विक्षिप्त बोल्ट, म्हणजे फिरवला की तो कोन बदलणारा बोल्ट, सोडण्यापूर्वी त्याच्या वॉशरवर आणि चौकटीवर रंगाची एक आडवी रेघ मारावी. पॉलियुरेथेनचे बुश किंवा बॉल जॉइंट मुक्तपणे फिरतात, त्यांना हे लागू नाही.

आवळताना गाडीचे वजन चाकांवरच असले पाहिजे. चार खांबांची, गाडी वर चढवण्याची लिफ्ट मिळाली तर प्रश्नच मिटतो. घरी करायचे असल्यास जाड फळ्या एकमेकींवर स्क्रूने जोडून चाकांखाली ठेवायचे चार रुंद, भक्कम ओटे बनवावेत. सैल बोल्ट हाताने बेताचे बसवून गाडी जमिनीवर उतरवावी, ढकलून दोन मीटर पुढे-मागे करावी, चारही कोपरे दाबून हलवावेत आणि मध्यबिंदूपासून कडेपर्यंतचे नवे अंतर मोजावे. या अवस्थेत गाडी चालवू नये. मग ती ओट्यांवर ठेवून, जवळ घोड्या (गाडीला आधार देणारे स्टँड) लावून, अंतर पुन्हा जुळते याची खात्री करावी आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने प्रत्येक बोल्ट आवळावा. फक्त एका बाजूच्या नकलखाली जॅक लावून उंची गाठण्याचा मार्ग मी सोडून दिला आहे, कारण अँटी रोल बार विरोध करतो आणि हव्या त्या उंचीपर्यंत पोचण्याआधीच गाडी घोडीवरून उचलली जाते. माझ्या दुसऱ्या गाडीवर हे सगळे करायला तीन तास जास्त गेले. तिचे बुश आजही मूळचेच आहेत.

स्पेसरचे, म्हणजे चाक बाहेर सरकवण्यासाठी हब आणि चाकाच्या मध्ये बसवायच्या चकतीचे, काम तुलनेने लहान आहे, पण त्यात ढिलाई चालत नाही. या गाडीचा पीसीडी (चाकाच्या स्टडची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये) ५ × १००, मधले भोक ५६.१ मिमी आणि स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) एम १२ × १.२५ आहेत. मधले भोक हबवर अचूक बसणारे स्पेसरच घ्यावेत. १५ मिमीचा स्पेसर मूळ चाकाचा ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) ४८ मिमीवरून ३३ मिमीवर आणतो आणि एक्सलची रुंदी ३० मिमीने वाढवतो. त्याहून जास्त रुंदी मी पुढच्या चाकांना कधीच देत नाही, कारण खडबडीत रस्त्यावर स्टीअरिंग हातातून ओढले जाऊ लागते. एकावर एक दोन स्पेसर लावू नयेत. मूळ स्टडवर नट हाताने फिरवून फेरे मोजावेत: या आट्यांसाठी ८ पूर्ण फेरे हे किमान, आणि मी १० मिळाल्याशिवाय थांबत नाही. ते भरत नसतील, तर लांब स्टड बसवणे हाच उपाय. स्वतंत्र स्टड असलेला, हबवर नटांनी बसणारा स्पेसर घेतल्यास मूळ स्टडची टोके त्याच्या पृष्ठभागाबाहेर येऊन चाकाला टेकत नाहीत ना, हे पाहावे. हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासावा. गंजाचा एक पापुद्रा जरी खाली राहिला, तरी ताशी ११० किमीला स्टीअरिंग थरथरते आणि लोक व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतात. आट्यांना ग्रीस लावू नये. नट चांदणीच्या क्रमाने १२० न्यूटन मीटरला आवळावेत.

टायर कुठे घासतो हे पाहण्यासाठी पुढचे एक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातले मागचे चाक ओट्यावर चढवावे आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. ट्यूफ या जर्मन वाहन तपासणी संस्थेचा तपासनीसही जवळपास हेच करतो. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. गाडी खाली गेल्याने टो बदलतो, आणि टायरची आतली कड कॅम्बरपेक्षा (चाकाच्या उभ्या कलापेक्षा) टोच लवकर खातो. हेडलाइटची दिशाही तपासावी.

जर्मनीत स्प्रिंग आणि स्पेसर दोन्हींची कागदपत्रे घेऊन ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांकडे बदलाची नोंद करून घ्यावी लागते. स्प्रिंगचे कागद मूळ चाकांपुरते असू शकतात, म्हणून दोन्ही बदल एकत्र चालतील का हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. भारतातल्या वाचकांनी कोणत्याही गाडीवर असे काम काढण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल ते करू देत नाही.

५० किमी चालवल्यावर चाके थंड असताना सर्व नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा. स्वतंत्र स्टडचे स्पेसर असतील तर चाक उतरवून आतले नटही तपासावेत. दोन आठवड्यांनी चारही अंतरे पुन्हा मोजावीत. डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला, तर स्प्रिंग परत करण्याआधी त्या बाजूचे बोल्ट चाकांवर वजन असताना सोडून पुन्हा आवळावेत.